त्रेसष्ट सालचं राहिलेलं मत

अंबड गावात वाल्मीक फडोळांना त्यांच्या नावानं हाक मारणारी माणसं थोडीच उरली होती. बाकी सगळ्यांसाठी ते 'बिनविरोध अण्णा' होते. या नावामागची गोष्ट ते कुणालाही, केव्हाही, समोरच्याचा चहा गार होईपर्यंत सांगत.

त्रेसष्ट साली नाशिकला लोकसभेची पोटनिवडणूक लागली. दिल्लीत मंत्री झालेल्या एका मोठ्या नेत्याला लोकसभेत निवडून जायचं होतं आणि नाशिकची जागा रिकामी होती. अण्णा तेव्हा एकवीस वर्षांचे. बासष्टच्या निवडणुकीत त्यांचं वय काही महिन्यांनी कमी पडलं होतं, या खेपेला बसत होतं. ठरल्या दिवशी त्यांनी पहाटे आंघोळ केली, थोरल्या भावाच्या लग्नात शिवलेला सदरा घातला आणि गावच्या शाळेपुढं जाऊन उभे राहिले. आत पोरं पाढे म्हणत होती. मास्तर छडी घेऊन बाहेर आले.

"काय रे वाल्मीक, पुन्हा नाव घालायचंय का शाळेत?"

"मत द्यायला आलोय."

"कशाचं मत? उभा एकच माणूस. बिनविरोध झाली की निवडणूक!"

"मग माझं मत?"

"ठेव जपून. पुढल्या वेळी लागेल."

गाव आठवडाभर हसलं आणि नाव चिकटलं ते कायमचं. अण्णांच्या पत्नी, कुसाबाई, लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना नवऱ्याचं खरं नाव कळायच्या आधी हे कळलं. पुढं हयात होत्या तोवर, कुणी विषय काढला की त्या म्हणायच्या, "गावात असतील बिनविरोध. घरात एकदाबी निवडून नाय आले."

पण पुढल्या वेळेपासून अण्णांनी एक रीत पाळली. लोकसभेच्या मतदानाला रांगेत पहिला नंबर त्यांचा. "चालू हाय ना, ते बघाया नको? मागच्या टायमाला येऊन बघतो तर पाढे!" त्यांचे जोडीदार भिमाजीनाना हेही तसेच हट्टी. दोघांत शर्यत लागायची. जो दुसरा येईल त्यानं मतदान झाल्यावर पहिल्याला मिसळ खाऊ घालायची, असा ठराव सदुसष्ट साली झाला आणि तो कुणीही कधी मोडला नाही.

योगिनी अण्णांची एकुलती मुलगी. तिला आठवत होती ती ऐंशीची निवडणूक. ती आठ वर्षांची होती. जीपमागं पळून गोळा केलेले कागदी बिल्ले तिनं भूगोलाच्या पुस्तकात ठेवले होते, सगळ्या पक्षांचे, भेदभाव न करता. अण्णा शाळेतून बाहेर आले की ती त्यांचं शाईचं बोट धरून चालायची. तोवर गावच्या शिवारात कारखाने उभे राहू लागले होते, भोंग्यावर घड्याळं लावली जात होती, अण्णाही पाळीला जाऊ लागले होते. मतदानाच्या दिवशी मात्र ते धोतर नेसायचे.

नाशिकची एक खोड होती, आणि अण्णांना तिचा अभिमान होता. सत्त्याहत्तरपासून चौदापर्यंत अकरा निवडणुका झाल्या आणि अकराही वेळा खासदार नवा. एकदा गेला तो पुन्हा आला नाही. अण्णा म्हणायचे, "आपल्याकडं खासदार म्हणजे नवा जावई. दिवाळसण एकदाच. दुसऱ्या वर्षी आला तर म्हणायचं, या, पण जेवून आलाच असाल!" एकोणीस साली पहिल्यांदा जुनाच खासदार पुन्हा निवडून आला तेव्हा अण्णांना विजयाचं किंवा पराभवाचं काही वाटलं नाही, रीत मोडल्याचं वाटलं.

"चौदा झाली," ते बोटं मोजत. "सदुसष्टपासून एक चुकवली नाही. पण हिशोबानं पंधरा पाहिजेत. माझं एक राहिलंय."

चोवीसच्या एप्रिलमध्ये यादीचं काम पाहणारी अंगणवाडीताई, उज्वला, घरी आली. ती या भागात नवी होती. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना या वेळी घरी बसून मत देता येणार होतं, त्याचा फॉर्म तिच्याकडं होता. अण्णा तेव्हा खाटेवरून फारसे उठत नव्हते. तिनं वय विचारलं. योगिनीनं सांगितलं, ब्याऐंशी.

"मग नाही बसत, अण्णा. तीन वर्षं कमी पडतात."

अण्णा इतके हसले की त्यांना खोकला आला. "बघ योगे! पहिल्या टायमाला वय कमी, शेवटच्या टायमालाबी कमी. मी कधी वयात येणार?" मग खोकला थांबल्यावर म्हणाले, "खुर्चीत घालून ने मला. पण ने. वीस मे."

"नेईन," योगिनी म्हणाली.

तीन मेला सकाळी दाढी करता करता अण्णा गेले. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. तो योगिनीनं पुसला.

तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उज्वला दारात उभी राहिली. हातात मतदारांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, कपाळावर घाम.

"योगिनी फडोळ, तुम्हीच ना? ही तुमची. आणि ही वाल्मीक कारभारी फडोळ. अण्णा झोपलेत का?"

योगिनी दार अर्धं लोटून उभी होती. तिच्या पाठीमागं भिंतीवर फोटो होता, हार अजून सुकला नव्हता. बावन्न वर्षांची बाई, तीस वर्षं ग्रंथालयात काम केलेली, जुन्या पुस्तकांवर 'बाद' असा शिक्का हजारदा मारलेली. एक शब्द सांगायचा होता.

"हो," ती म्हणाली, "झोपलेत."

उज्वलानं दोन्ही चिठ्ठ्या दिल्या, सही घेतली. "उठले की सांगा, व्हीलचेअर ठेवलीय शाळेत."

योगिनीनं अण्णांची चिठ्ठी त्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवली. भाग क्रमांक, अनुक्रमांक चारशे सतरा, नाव, वडिलांचं नाव, वय, लिंग. सगळं वर्तमानकाळात. एवढं एक ठिकाण राहिलं होतं जिथं ते होते. ते आपल्या हातानं पुसायचं तिला जमलं नाही, इतकंच.

मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी राजू आला. गल्लीतलाच, चाळिशीचा, एका पक्षाचा बूथ सांभाळणारा. अण्णांना खांदा दिलेला. पाणी प्यायला, फोटोला हात जोडले, मग घसा साफ केला.

"ताई, यादीत बघितलं आत्ता. अण्णांचं नाव तसंच हाय. मयतांच्या यादीत नाय आलेलं."

"नाही आलं."

"मग चिठ्ठी असंल तुमच्याकडं." तो खुर्ची पुढं ओढून बसला. "वाईट वाटून घेऊ नका. अण्णा जन्मभर म्हणायचे, माझं एक राहिलंय. तेच देऊ की आपण! वयाचा माणूस हाय आपल्याकडं, आत एजंट ओळखीचे. कुणाचं काय जातंय? अण्णांचा आत्मा शांत होईल."

पंधरावं मत. ते पुरं करायची इच्छा अण्णांची होती, वचन तिचं होतं, आणि समोरचा माणूस ते एखाद्या राहिलेल्या नवसासारखं बोलत होता. क्षणभर तिला ते बरोबरही वाटलं. हे नंतर तिला स्वतःशी कबूल करावं लागलं.

"कुणाला देणार?" तिनं विचारलं.

"आपल्यालाच की."

"अण्णांनी कुणाला दिलं असतं ते तुला ठाऊक आहे?"

राजू हसला. "ते कुसाकाकूंनापण कधी कळलं नाय."

"मग?"

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "ताई, राग मानू नका. पण नाव उघडं ठेवलंय तुम्ही. दुपारनंतर कुणीतरी टाकणारच. आपण टाकलेलं बरं, म्हणून आलो."

तो गेल्यावर तिनं चष्म्याच्या घरातली चिठ्ठी बाहेर काढली. नाव उघडं ठेवलंय तुम्ही. अण्णा राहावेत म्हणून ती खोटं बोलली होती, आणि त्यामुळंच उद्या कुणीही परका माणूस चारशे सतरावर अण्णा होऊन आत जाऊ शकत होता.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला ती शाळेवर पोचली तेव्हा पंचवीस-तीस माणसं रांगेत होती. अंबडची शाळा आता दुमजली होती, पण फाटक जुन्याच जागी होतं. रांगेत सगळ्यांत पुढं भिमाजीनाना होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. फक्त ते दरवाजापाशी नव्हते. एका माणसाची जागा सोडून मागं उभे होते.

"नाना, पुढं सरका की," मागून कुणीतरी म्हणालं.

"का? घाई हाय? पुढला येतोय."

पोलीस शिपायानंही एकदा सांगून पाहिलं होतं, म्हाताऱ्यांना रांग नाही, आत जाऊन बसा. नाना म्हणाले होते, मला रांगेतच बरं वाटतं, तुम्ही बसा.

त्यांना योगिनी दिसली. त्यांनी काठीनं ती मोकळी जागा दाखवली.

"ये. तुझ्या बापाचा नंबर हाय."

"नाना, मी..."

"हुबी ऱ्हा गं. पाय दुखाया लागलेत माझे जागा धरून."

ती उभी राहिली.

सातला दार उघडलं. आत टेबलामागं केंद्राध्यक्ष, पन्नाशीचे, बहुतेक कुठल्या तरी शाळेतले शिक्षक. बाजूच्या बाकावर चार पक्षांचे चार एजंट याद्या घेऊन बसलेले. योगिनीनं टेबलावर दोन चिठ्ठ्या ठेवल्या.

"ही माझी," ती म्हणाली. "आणि ही माझ्या वडिलांची. चारशे सतरा. ते मयत आहेत."

हा शब्द तिनं सतरा दिवसांत पहिल्यांदा उच्चारला. तो अगदी साधा निघाला, कुठं अडखळला नाही.

केंद्राध्यक्षांनी आपल्याजवळची मयतांची यादी पाहिली. "आमच्याकडं नोंद नाही, बाई."

"मी सांगितलं नव्हतं."

बाहेर मदतकक्षात बसलेल्या उज्वलाला बोलावणं गेलं. ती धावत आली, चिठ्ठी पाहिली, योगिनीकडं पाहिलं. "ताई, तुम्ही तर झोपलेत म्हणालात."

"हो. म्हणाले होते."

उज्वलानं योगिनीच्या कोपराला हात लावला.

"ओळखणारं आणखी कुणी?" केंद्राध्यक्षांनी विचारलं.

"मी हाय की," दारातून नाना म्हणाले. "म्या खांदा दिलाय त्याला. लिवा."

"बरं. याला कुणा एजंटची हरकत?"

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. राजूच्या पक्षाच्या एजंटनं आधी मान खाली घातली, मग नकारार्थी हलवली. बाकीच्यांनीही हलवली. योगिनीनं दाराकडं पाहिलं. नानांनी टॉवेलचं टोक तोंडाशी धरलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत की हसताहेत, ते कळत नव्हतं. त्यांना अण्णांचं कुठलं नाव आठवलंय ते मात्र तिला पक्कं कळलं.

केंद्राध्यक्षांनी पट्टी ठेवून चारशे सतराखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि समोर मयताचा 'म' लिहिला. चारही एजंटांनी आपापल्या यादीत तीच रेघ मारली. मग योगिनीच्या बोटाला शाई लागली. तिनं बटण दाबलं, काचेमागं चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि खाली पडली.

नाक्यावरच्या मिसळीच्या दुकानात तेव्हा नुकती पहिली तर्री उकळत होती. नानांनी दोन प्लेट सांगितल्या.

"पहिला नंबर तुझा. मिसळ माझ्याकडं. ठराव हाय."

"नाना, अण्णांचं ते एक राहिलंच."

नानांनी पाव मोडला, पण खाल्ला नाही. "तुला एक सांगू? कुणाला बोलू नको. त्रेसष्ट साली त्याला माहीत व्हतं."

"काय?"

"बिनविरोध झाल्याचं. आदल्या दिशी पेपर म्याच वाचून दाखवला त्याला, पिंपळाखाली. उद्या मतदान नाय म्हनलं. तरी गेला."

"मग सदरा घालून कशाला गेले?"

"म्यापण त्येच विचारलं. म्हनला, शाळेच्या भिंतीवर यादी लावलीय. आपलं नाव छापून आलंय म्हंतात. कुनी नसंल तवा बघून येतो. मास्तर मधीच बाहेर आले, मग लाज वाटली त्याला, मत द्यायला आलो म्हनला. लोक हसले. हसू दे म्हनला."

योगिनीनं शाईचं बोट प्लेटच्या कडेला टेकवलं. शाई अजून ओली होती, कडेला जांभळा ठिपका उमटला.

"होतं का नाव?"

"व्हतं की. लय मागं व्हतं, भिंतीच्या पार खालच्या अंगाला. गुडघ्यावर बसला व्हता बघायला." नानांनी तर्रीची वाटी तिच्याकडं सरकवली. "सदऱ्याला माती लागली, म्हणून त्याच्या थोरल्या वहिनीनं बोलणी दिली त्याला. खा, गार व्हतंय."