सरांच्या नावावरची ओळ

“बेरीज करून विचारायचं नाही. आत किती जागा उरली ते आधी काढायचं, आणि मग दाराशी आलेल्याला म्हणायचं, दाखव बघू तुझं सामान.”

संगणकाच्या पडद्यावरची प्रोग्रामची ती ओळ निवडताना सरांचा आवाज कानात इतका स्पष्ट उमटला, की तिचं बोट बटणावर तसंच राहिलं. बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, सरांनी तिला हे सांगितलं होतं. पुढे तिने ते कितीतरी नव्या लोकांना सांगितलं. आणि आता समोर ही ओळ होती : आधी आलेलं अधिक आता येणारं, मिळून जागेपेक्षा जास्त होतं का? बेरीजच. डाव्या कडेला, कोणती ओळ कोणी आणि कधी लिहिली हे दिसतं तिथे, सरांचं नाव होतं.

तिने बेरीज खोडली आणि वजाबाकी लिहिली. चौदा वर्षं राहिलेली चूक मिटवायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

दोन दिवसांपूर्वी एका अनोळखी बाईचं पत्र आलं होतं. बाई रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करत. औषधाचे थेंब मोजून सोडणारं एक यंत्र मध्येच थिजायचं. त्याचं कारण शोधत त्या एकेक पायरी खाली उतरत या ऑफिसात लिहिलेल्या फ्रेमवर्कच्या, म्हणजे अनेक यंत्रांच्या पायाशी असलेल्या प्रोग्रामच्या, नेटवर्कवरून संदेश घेणाऱ्या भागात आणि तिथून या ओळीपर्यंत येऊन पोचल्या होत्या. संदेश तुकड्यातुकड्यांनी येतो आणि प्रत्येक तुकडा आपली लांबी सांगतो. एखाद्याने अवाढव्य लांबी सांगितली तर बेरीज आकड्याच्या मर्यादेबाहेर जाते, आणि स्कूटरच्या किलोमीटरच्या मीटरवर सगळे नऊ संपले की शून्यं येतात, तशी ती पुन्हा लहान होऊन बसते. दाराशी पहारा देणारी ही ओळ तो लहान आकडा बघून दार उघडते. मग आत आलेला पाहुणा शेजारच्या खोल्यांतही सामान मांडतो. त्याचा हेतू वाईट असेल तर यंत्रच त्याच्या ताब्यात जातं.

‘हे मी कोणाला सांगितलेलं नाही,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘तुमची दुरुस्ती होईपर्यंत सांगणारही नाही. घाई करा, पण नीट करा.’

पत्र वाचून झाल्यावर तिने पडद्यालाच हात जोडले होते, आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं होतं.

“सरांनी सगळ्यांना शिकवलं आणि स्वतःच्याच घरात...” शेजारच्या टेबलावरून वकील म्हणाला. तो वकील नव्हता. वाद घालतो म्हणून ते नाव पडलं होतं.

“पुरे.”

“मी वाईट बोलत नाही गं. पण उद्या दहाला या चुकीची सूचना जाहीर झाली की लोक नोंद उघडून बघणार. नाव दिसणार. मग बोलणारच. मला एवढंच कळत नाही, चौदा वर्षांत एकानेही ही ओळ वाचली नाही?”

“सरांची ओळ कोण तपासणार होतं?”

सरांचं नाव दिसलं की सगळ्यांचे डोळे पुढे सरकत. तिचेही.

“फोन करून सांगून टाक.”

“फोनवर नाही,” ती म्हणाली आणि तिने पर्स उचलली.

सर निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतर अर्धांगवायूच्या झटक्यात उजवा हात गेला, तो अजून पुरता परतला नव्हता. कीबोर्डवर आच्छादन पडलं. उरला होता तो त्यांच्या कामावरचा लोकांचा विश्वास. अजूनही कुणी कुणी पत्र लिहून विचारी, सर, हे असं केलं तर चालेल का? आणि सर डाव्या हाताने दोन ओळींचं उत्तर पाठवत. उद्या दहानंतर ती पत्रं येतील का, हाच विचार बसमध्ये तिच्या मनात घोळत राहिला.

सरांच्या घरी काकूंनी दार उघडलं.

“ये गं. आज वाट चुकलीस वाटतं?”

सर खिडकीशी बसून मटार सोलत होते. “हाताला व्यायाम,” ते म्हणाले. “निम्मे दाणे भांड्यात जातात, निम्मे तुझ्या काकूला वाकायला लावतात.”

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. तिने छापून आणलेला कागद पुढे केला. सरांनी तो हातभर लांब धरून वाचला. त्यांचा अंगठा एका जागी थांबला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

“बेरीज,” ते म्हणाले.

“हो.”

“नाव माझं आहे?”

“हो, सर.”

“मग झालं. चुकलं माझं. दुरुस्त केलंस ना?”

“केलं.”

“कोणाला इजा?”

“नाही. यंत्र थिजायचं तेवढंच, आणि त्याआधी भोंगा वाजायचा. एका बाईंनी वेळेत कळवलं.”

“मोठे उपकार त्या बाईचे,” सर म्हणाले आणि त्यांनी दुसरी शेंग घेतली.

तिने श्वास सोडला. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. काकू चहा घेऊन आल्या, कप ठेवता ठेवता त्यांनी कागदावर नजर टाकली आणि तारीख मोठ्याने वाचली.

“हे तेव्हाचं होय? तुझी आई आयसीयूत होती, तेव्हाचं.”

“चहा निवतोय,” सर म्हणाले.

“निवू दे. अगं, ऑफिसातून आले की तुझंच काम घेऊन बसायचे हे. वरच्यांना सांगून आले होते, तो भाग मी माझ्या नावावर घेतलाय, आता तिला फोन करायचा नाही कोणी. मी म्हटलं, अहो, निम्मं तिनेच लिहिलंय ना? तर म्हणाले, आईजवळ बसू दे तिला.”

तिने कागद परत हातात घेतला. सकाळपासून ती ओळ शंभरदा वाचली होती, पण पाहिली आत्ता. ओळीत आकड्यांना दिलेली नावं आखूड होती, स्वर गाळून लिहिलेली. सर पूर्वी तिला चिडवत, स्वरांना काय जकात लागते का गं? त्यांची स्वतःची नावं ऐसपैस असत, पूर्ण.

काम अर्धवट टाकून ती कधी निघाली, ते तिला आठवत नव्हतं. आठवत होते ते पुढचे नऊ दिवस. आईच्या उशाशी बसलेले, आईचे शेवटचे. त्या नऊ दिवसांत ऑफिसचा एकही फोन आला नव्हता. तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्यावाचून कोणाचं काही अडत नाही.

“सर, ही माझी ओळ आहे.”

“असेल.”

“तुम्ही वाचली नव्हती?”

“वाचली की. पण तुझी होती ना. भरभर वाचली.”

एक दाणा घरंगळत तिच्या पायाशी आला. काकूंनी वाकून तो उचलला.

“मी सूचनेत खरं ते लिहिणार,” ती म्हणाली.

“लिही ना. तुझ्या चुकीवर तुझंच नाव असू दे. पण ते नऊ दिवस त्यात आणू नकोस.”

“का पण? लोकांना कळायला हवं.”

“काय कळायला हवं? तुम्ही मला देव्हाऱ्यात नेऊन बसवाल. आणि देव्हाऱ्यातल्याच्या ओळी तपासतं का कोणी? आजवर तेच झालं.” सरांनी सालं बाजूला सारली. “अजून अकरा हजार ओळी आहेत तिथे माझ्या नावावर. त्यात माझ्या खऱ्या चुकाही असणार. त्या तू वाच. माझ्या म्हणून वाचू नकोस, परक्याच्या समजून वाच. त्या बाईने वाचली तशी.”

ती मान खाली घालून बसली होती.

“वाचशील?”

“वाचीन.”

“वचन?”

“वचन, सर.”

“मग डोळे पूस आणि चहा घे. या घरात साखर आधीच कमी असते, त्यात मीठ नको.”

परतल्यावर तिने सूचना लिहायला घेतली. चूक काय, ती कशी झाली, कोणी काय करायचं, हे सरळ उतरलं. मग तिने लिहिलं : ‘ही ओळ मी लिहिली होती. नोंदीत दुसरं नाव आहे, ते त्या वेळच्या कामाच्या सोयीसाठी.’ ‘सोयीसाठी’ या शब्दापाशी ती बराच वेळ थांबली. दुसरा कुठलाच शब्द पुरला नसता, म्हणून तिने तोच राहू दिला. शेवटी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंचे आभार मानले. तिथे सरांसाठी अजून एक ओळ लिहावी म्हणून हात पुढे गेला, आणि तिने तो मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सूचना जाहीर झाली. वकिलाने ती वाचली आणि खुर्ची वळवली.

“तुझी होती?”

“हो.”

“मग सरांचं नाव कसं काय?”

“लिहिलंय ना. सोयीसाठी.”

तो खुर्ची फिरवून परत आपल्या कामाकडे वळला.

दुपारी बाईंचं उत्तर आलं. ‘दुरुस्ती बसवली. यंत्र आता थिजत नाही. नाव स्वतःचं घातलंत, बरं वाटलं.’ तिने ते दोनदा वाचलं.

मग सरांच्या नावावरची सगळ्यात जुनी फाइल तिने उघडली. डाव्या कडेला प्रत्येक ओळीपुढे तेच नाव, वरपासून खालपर्यंत. तिने वहीतल्या कागदाची एक लांब पट्टी फाडली, पडद्याच्या त्या कडेवर नीट चिकटवली, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.