हात न लावायचे तळे

मी एक जुना, पसरट, प्लॅस्टिकचा टब आहे. माझा रंग एकेकाळी निळा होता. आता तो आजारी माणसाच्या नखासारखा झाला आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझी कहाणी काही सुवासिक नाही. नाक धरावेसे वाटले तर खुशाल धरा, मला राग येणार नाही. मीही धरले असते. पण मला नाक नाही, आणि वास मात्र सगळ्या अंगाला लागतो.

वितळलेले प्लॅस्टिक साच्यात ओतून मला बनवले. दुकानात मी टांगलेला होतो तो कपडे भिजवण्यासाठी. साबणाच्या फेसात जन्म जाईल, असे मनातल्या मनात मांडे खात होतो. पण मला विकत घेतले बालवाडीच्या बाईंनी आणि नेऊन ठेवले वर्गाच्या खिडकीखाली, एका बुटक्या बाकावर. बाईंनी माझ्यात कोमट पाणी ओतले, एक पळी, गाळणी, नरसाळे, दोन पेले आणि स्पंजचे तुकडे टाकले, आणि मुलांना हाक मारली.

पहिल्याच सकाळी एकाने माझ्यावर वाकून शिंक दिली. तिच्यातून जे काही उडाले ते बराच वेळ पाण्यावर तरंगत राहिले. दुसऱ्याने चावलेले बिस्कीट बुडवले. त्याचा लगदा हळूहळू तळाशी बसला. तिसरीने तेच पाणी पेल्यात भरून बाईंपुढे धरले.

"बाई, चहा घ्या."

बाईंनी पेला ओठांजवळ नेऊन भुरका मारल्याचा आवाज केला. "वा! साखर जरा जास्त झाली हो."

माझ्या अंगावर काटा आला.

पण खरे सांगायला हवे. त्या बाईंच्या काळात किळस यायची आणि दुपारपर्यंत जायची, कारण बाईंच्या पद्धती पक्क्या होत्या. पाणी तळहात बुडेल एवढेच. भिंतीवर चार खिळे आणि चार एप्रन. एप्रन मिळाला त्याने खेळायचे, नाही मिळाला त्याने थांबायचे. त्यामुळे भांडण बाईंशी नाही, खिळ्याशी व्हायचे, आणि खिळ्याशी कोण किती वेळ भांडणार? खाली जाड गोणपाट, म्हणजे कोणी घसरू नये. "सांडू नकोस" असे त्या कधी म्हणत नसत. "पाण्याला टबातच राहू दे," म्हणत. सकाळी रडत येणाऱ्या मुलाला गोष्ट सांगत बसण्याऐवजी त्याच्या हातात नरसाळे देत. ओतता ओतता हुंदके विरळ होत जायचे. मी कितीदा पाहिले आहे.

आणि शेवटी माझी पाळी. मुले पेल्यापेल्याने पाणी झाडांना घालायची, मला घासायची, धुवायची. मग एक जण ओले बोट माझ्या तळाशी फिरवायचा. चिकट थर राहिला असेल तर बोट मुकाट घसरते. स्वच्छ असेल तर "च्यीं" असा आवाज येतो.

"टब बोलला!" मुले ओरडायची. मग मला उन्हात पालथे घालायचे. तो आवाज झाला की माझी सगळी शिसारी धुऊन गेलेली असायची.

बाईंच्या शेवटच्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. तिचे खरे नाव हजेरीपुरतेच होते. सगळे तिला मुठी म्हणत. ओले, चिकट, गिळगिळीत काही दिसले की तिच्या दोन्ही मुठी घट्ट मिटायच्या. मातीकाम आले, मुठी बंद. रंग आले, मुठी बंद. डब्यातला घाससुद्धा मदतनीस मावशींनी भरवायचा.

तिचे वडील शिंपी होते. ते दारात उभे राहून म्हणायचे, "बाई, घरी सांडलेल्या टाचण्या सगळ्या ही उचलते. हात चांगले आहेत हो तिचे. ओल्याचंच काय बिनसलंय, कळत नाही."

शाळेच्या मोठ्या बाईंनी त्यांना स्पष्टच सांगितले होते. "पुढच्या वर्गात भरवायला माणूस नसतो. वर्ष संपेपर्यंत बघू. नाहीतर एक वर्ष घरी ठेवा तिला."

"घरी कुठे ठेवू? दुकानात? मशीनखाली?" शिंपी हसून बोलले, पण चेहरा हसत नव्हता.

बाईंनी घाई केली नाही. आधी मुठीला लांब दांड्याची पळी दिली, म्हणजे हात आणि पाणी यांच्यात पुरेसे अंतर. बऱ्याच दिवसांनी आखूड दांड्याचा पेला. मग कोरडा स्पंज, जो तिने स्वतः बुडवायचा आणि लगेच सोडला तरी चालायचे. एका सकाळी तिने एक बोट, फक्त टोक, पाण्याला लावले आणि फ्रॉकला पुसले. बाई तिच्या मागे बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. मावशी मात्र बोलल्याच. "अगंबाई, पाणी चावलं नाही की!"

मुठीने मान हलवून नाही म्हटले.

त्यानंतर बाई आपल्या मुलाकडे राहायला दूर गेल्या, आणि वर्गावर ताई आल्या. ताई तरुण होत्या, मुलांवर जीव होता, मुठीची चिंता त्यांनाही होती. फक्त त्यांनी तिच्याकडे पाहून एक अंदाज बांधला: हिला घाणीचा तिटकारा आहे, तर हिला काहीतरी सुंदर दिले पाहिजे. त्याच सुमारास दोन पालकांनी ओल्या बाह्यांची तक्रार केली. मोठ्या बाईंनीही सांगितले, "पाहुणे वर्ग बघायला येणार आहेत. तो पाण्याचा चिखल जरा दिसण्यासारखा करा."

म्हणून ताईंनी माझे तळे केले. पाण्यात गडद निळा रंग, वर चमकी, प्लॅस्टिकची फुले, काठावर चिकटवलेली बदके. वर पाटी: "आमचे तळे. हात लावू नये." एप्रन खिळ्यांवरून उतरले आणि पेटीत गेले.

"कसं दिसतंय?" ताईंनी विचारले.

"फोटोत छान येईल," मावशी म्हणाल्या. "पण खेळायचं कशात?"

"बघायचं, मावशी. निरीक्षण."

मुठी आली, तिने पाहिले, ताईंनी वाचून दाखवलेली पाटी ऐकली, आणि दोन्ही मुठी मिटून खिडकीपासून दूर जाऊन बसली. ताई रोज चमकी वाढवत गेल्या. मुठी रोज लांब सरकत गेली.

आणि माझे काय झाले ते ऐका. पाणी बदलले तर सगळी मांडणी विस्कटेल, म्हणून ते कोणी बदलले नाही. आधी माझ्या भिंतींना डोळ्यांना न दिसणारा बुळबुळीत थर धरला. तो थर जिवंत असतो, मित्रांनो. सूक्ष्म जीव एकमेकांना चिकटून तिथे घर करतात. मग पाण्यावर साय आली. चमकी त्या सायीत अडकून तशीच लकाकत राहिली. फुलांच्या देठांना शेवाळ, बदकांच्या पोटाखाली काळी रेघ. कुजट वास सुटला तेव्हा ताईंनी गुलाबाचा फवारा मारला. कुजका वास एक वेळ सोसवतो. कुजक्या गुलाबाचा वास सोसवत नाही. शिंक, लाळ, बिस्किटाचा लगदा हे सगळे मला आता देवाघरचे वाटू लागले. ती घाण निदान जाणारी होती. ही पाहुण्यांसाठी राखलेली होती.

शेवटी डास आले, अंडी घालून गेले. पाण्यात अळ्या झाल्या. शेपटीचे टोक पाण्यावर, डोके खाली, अशा उलट्या लोंबकळत त्या श्वास घेतात आणि सावली पडली की वळवळत बुडी मारतात. माझ्या पोटात हे चालले होते आणि वर निळे तळे हसत होते.

पाहुणे आले. एक बाई, एक गृहस्थ. बरोबर मोठ्या बाई. पालकांनाही बोलावले होते, म्हणून शिंपी मुठीला घेऊन मागे उभे होते. त्यांना ठाऊक होते, आज मोठ्या बाई तिच्याबद्दल विचारणार.

"किती सुरेख कोपरा!" पाहुण्या बाई म्हणाल्या. "हे कुणी केलं?"

"मुलांनीच," मोठ्या बाई म्हणाल्या.

ताईंनी मान खाली घातली. मुठी वडिलांच्या मागून पुढे आली. टाचण्या उचलणारी नजर होती तिची. बारीक वस्तू तिच्या नजरेतून सुटत नसे. ती माझ्यावर वाकली, तिची सावली पडली, आणि पाणी वळवळले.

तिची उजवी मूठ उघडली. बोट सरळ झाले.

"शी! हे हलतंय. किडे आहेत! आणि ताई, घाण वास येतोय."

पाहुण्या बाईंनी वाकून पाहिले आणि तोंडावर रुमाल धरला.

"फेकून द्या तो टब, आत्ताच्या आत्ता," मोठ्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"टबाचं काय चुकलं?" ताई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "पाणी मी ठेवलं. मुलांनी काही केलेलं नाही, त्यांना मी हातच लावू दिला नाही."

त्यांनी पदर खोचला, बदके ओरबाडून काढली, मावशींच्या मदतीने मला अंगणात नेले आणि ते निळे पाणी तापलेल्या कोरड्या जमिनीवर ओतले. अळ्या क्षणभर तडफडल्या. मग ताईंनी साबण आणि घासणी घेतली.

मुठी मागोमाग आली होती. ती माझ्याकडे बघत होती, नाक आवळून, भयंकर तिटकाऱ्याने.

"तिकडे राहिलंय," ती म्हणाली.

"कुठे?"

"तिकडे. काळं. नीट घासा ना!" ताईंना ते दिसेना तेव्हा मुठी वैतागली, पुढे झाली आणि तिने त्यांच्या हातातून घासणीच काढून घेतली.

फेस तिच्या मनगटापर्यंत आला. तिने घासले, पाणी मागितले, पुन्हा घासले. शिंपी तोंडावर हात धरून उभे होते. मावशी कुजबुजल्या, "दादा, आता हाक मारू नका. काम चाललंय तिचं."

शेवटी मुठीने माझ्या तळाशी ओले बोट टेकवले आणि ओढले.

च्यीं.

"टब बोलला," ती म्हणाली आणि आपले हात नळाखाली धरले, दोन्ही, उघडे.

मोठ्या बाईंनी तिच्या वडिलांना त्या दिवशी काहीच विचारले नाही. दुसऱ्या दिवशी खिळ्यांवर एप्रन परत आले. मुठी अजून डब्यातला घास दोन बोटांच्या टोकाने उचलते आणि प्रत्येक घासानंतर हात धुऊन येते. पण मावशी आता तिच्या शेजारी बसून आपला डबा खातात.

मित्रांनो, मला अजून शिंका मिळतात, लगदा मिळतो, आणि मला अजून किळस येते. येऊ द्या. तुमच्या वर्गात माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला सजवू नका; त्याच्याशी खेळा, मग त्याला रिकामा करा, घासा आणि उन्हात पालथा घाला. आणि एखादे मूल नाक मुरडून "शी" म्हणाले, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा वाकून पाण्यात बघा.