लाल कागदाचे तळवे

वाटेवर लिहिलेला कागद दिसला की थान मास्तर तो चिमट्यानं उचलायचे, आणि देवळामागच्या भट्टीत हात जोडून जाळायचे. अक्षरावर पाय पडला तर पुढच्या जन्मी डोळे जातात, हे चीनच्या आमच्या शानतुंग मुलखात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

अमेरिकेच्या अध्यक्षाची शांततेची चौदा कलमं त्यांनीच लाल कागदावर लिहून आमच्या भिंतीला चिकटवली. माझा नवरा लीशान तेव्हा फ्रान्सात इंग्रजांसाठी खंदक खणत होता.

राळ्याची पेज निवेपर्यंत सासूबाई रोज मास्तरांकडून वाचून घ्यायच्या.

"करार उघड होतील, गुपचूप नाही. देश लहान असो की मोठा, हमी सारखीच."

"म्हणजे आमच्या वाडवडिलांच्या थडग्यांभोवतीची तार निघेल?"

"निघेल, आजी. लढाई संपू दे."

ती तार आधी मुलूख बळकावणाऱ्या जर्मनांची होती, मग जपान्यांची झाली. आत आमची सात पिढ्यांची माती.

लढाई संपली. लीशान आला नाही. न फुटलेला तोफगोळा उचलताना तो हातात फुटला म्हणे. देह नसेल तर आमच्यात अंगावरचा कपडा पुरतात. त्याचा निळा अंगरखा मी पेटीत घडी करून ठेवला. तार निघाली की त्याच्या बापाशेजारी पुरायचा होता.

मे महिन्यात मास्तर दारात येऊन उभे राहिले. हातात वर्तमानपत्र.

"पॅरिसच्या तहात आपला मुलूख जपानला दिला, आजी. मोठ्या देशांचे तसे गुप्त करार आधीच झाले होते."

"गुप्त?" सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. "पहिलं कलम काय होतं, मास्तर? म्हणा की. रोज तर घशाच्या शिरा ताणून म्हणायचात."

"मीही फसलो, आजी."

"तुम्ही फसलात. माझा पोरगा मेला."

मी उठले आणि भिंतीवरचा कागद ओरबाडून काढला.

"सूलान, डोळे जातील गं," सासूबाई पुटपुटल्या.

"ज्यांना डोळे होते, त्यांनी काय पाहिलं?"

मास्तर त्या तहाविरुद्ध निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मोर्चासाठी जीनान शहराला चालत जाणार होते. मी कणकेची खळ शिजवली, चिंध्यांचे थर लावले, आणि मधोमध तो लाल कागद. तीन दिवस त्यांच्या नव्या जोड्याचे तळवे शिवत होते. सुई अक्षरागणिक आरपार, आणि तोंडी गाणं:

एक टाका ओढते, समुद्रापार गेलेल्याचा,
दुसरा टाका ओढते, बोल देऊन मोडणाऱ्याचा.

चौथ्या दिवशी जोडा मास्तरांपुढे ठेवला. तळव्याच्या कडेला थरातून लाल रेघ डोकावत होती. ती त्यांनी लगेच ओळखली.

"हे पाप आहे, सूलान."

"आहेच. ज्यांचं आहे त्यांच्या दारात नेऊन झाडा."

मास्तर उंबऱ्यावर बसले. जुना जोडा काढला, आणि किती तरी वेळ अनवाणी पायांकडे बघत राहिले. सासूबाईंनी पेटीतला अंगरखा काढला, झटकला, पुन्हा घडी घातली.

"हा असाच राहणार आता," त्या म्हणाल्या. "मास्तर, पाय घाला. पेज नाही की निवायची वाट बघताय."

त्यांनी पाय घातले. निघाले. पहिली दहा-बारा पावलं टाचा उचलून, झोपलेल्या पोराजवळून जावं तशी. वेशीपाशी थांबले. मागं वळून आमच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं.

मग त्यांनी टाच टेकली.