बावीस शुभेच्छुक आणि एक उघडा चेहरा

गंगापूरजवळच्या एका शेतात कापसाच्या ढिगावर अर्धी मिशी आहे.

गारखेड्यात पाण्याच्या एका ड्रमवर नुसता 'हार्दिक' हा शब्द आहे.

एका स्कूटरच्या सीटवर एक कान. पावसात तो स्पंज कोरडा ठेवतो.

सोयगावात शेळ्यांच्या छपरावर गॉगल घातलेला एक माणूस, उलटा.

एका पत्र्याच्या पेटीत गुंडाळून ठेवलेला निळा चेहरा.

मित्रांनो, हे सगळे मिळून मी आहे. मी एक जुना फ्लेक्स आहे. दहा फूट उंच आणि वीस फूट रुंद होतो. माझी गोष्ट सलग सांगायचा प्रयत्न करतो. मध्येच तुटली, तर तिथे मला कापले आहे असे समजा.

माझा जन्म गारखेड्यात, मोनिकाताईंच्या छपाईच्या दुकानात झाला. सीमेवर लढाई सुरू होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. यंत्रात मी कोरा शिरलो आणि रंग घेऊन बाहेर आलो. माझ्यावर सगळ्यात मोठा चेहरा आप्पासाहेबांचा होता. ते आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या शेजारी, जरा लहान, आमच्या चौकातला जवान अतुल. खाली दोन ओळींत बावीस शुभेच्छुक. आणि लाल अक्षरांत मजकूर: 'वीर जवान अतुल यांना हार्दिक शुभेच्छा! शत्रूला धडा शिकवूनच परत या!'

बावीस जणांची जागा करताना मोनिकाताई घामाघूम झाल्या. फोन थांबतच नव्हता.

"ताई, माझा फोटो राहिला की!"

"गॉगलवाला घ्या, साधा नको."

"मला आप्पासाहेबांकडं जरा सरकवा ना."

"दादा, लढायला जाणारा एकटाच हाय," त्या शेवटी वैतागून म्हणाल्या. "त्याला जागा ठेवू का नको?"

मी जमिनीवर पसरलेला असताना अतुलची आई गीताबाई मला बघायला आली. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने मला वाचले.

"ताई, ते धडा-बिडा राहू द्या. नुसतं 'परत या' लिहा."

आप्पासाहेब तिथेच खुर्चीत बसले होते. ते हसले. "अहो मावशी, आठ दिवसांत शिकवून येतो का नाय बघा. तुम्ही पेढे आणून ठेवा."

मला चौकात उत्तरेकडच्या भिंतीवर बांधले. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे गीताबाईचे दार. त्या दिवशी हलगी वाजली, घोषणा झाल्या, लोकांनी माझ्यासमोर उभे राहून फोटो काढले. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने सहज विचारले, "किती दिवस चालंल हे?" तर त्याला गद्दार म्हणून उठवून लावले. त्याचा चहा तसाच राहिला. मित्रांनो, खरे सांगतो, तेव्हा मला त्या म्हाताऱ्याचा रागच आला होता. मी नवा होतो आणि माझे रंग ओले होते.

आठ दिवस गेले. आठ महिने गेले.

पहिल्या उन्हाळ्यात माझा लाल रंग उडायला लागला, मग पिवळा. उन्हात निळा तेवढा टिकतो. अक्षरे लाल होती, म्हणून पुढे पुढे ती जवळ आल्याशिवाय वाचता येईनात. त्याच उन्हाळ्यात फुलांनी झाकलेली सैन्याची एक गाडी चौकातून सोयगावकडे गेली. टपरीवरचा रेडिओ कुणीतरी बंद केला. गीताबाई दारात उभी होती. गाडी वळणाआड गेली तरी ती आत गेली नाही.

त्यानंतर मोनिकाताईंना पुन्हा फोन येऊ लागले. माणसे तीच, आवाज मात्र दबलेले.

"ताई, माझा फोटो झाकता येईल का? आपला विरोध नाय हां. पण गिऱ्हाईक टोमणे मारतं."

"भाच्याची भरती झालीय. बहीण माझ्याशी बोलंना झालीय. तेवढा झाकून टाका, कुणाला सांगू नका."

मोनिकाताई शिडीवर चढायच्या आणि एकेका चेहऱ्यावर पांढरा चिकटकागद लावायच्या. दुकानाचे नाव तर त्यांनी आधीच झाकले होते. दुसऱ्या वर्षाअखेर निवडणुका जवळ आल्या. लोक आप्पासाहेबांना अडवून विचारू लागले, की हे संपणार कधी. मग त्यांचाही फोन आला.

"मोनिका, माझा फोटो फिका पडलाय. बरं दिसत नाय. झाक तेवढा."

माझ्यावरचा सगळ्यात मोठा पांढरा कागद त्यांचा.

तुम्ही म्हणाल, मला उतरवले का नाही? उतरवले असते, तर का उतरवले ते सांगावे लागले असते. तेवढे धाडस चौकात कुणापाशी नव्हते. म्हणून मी तसाच लटकत राहिलो आणि माझ्यावरचे पांढरे वाढत वाढत

(इथे मला कापले आहे.)

पांढऱ्यात एकटा अतुल उरला. निळसर, हसरा.

मित्रांनो, पांढऱ्यावर एकच चेहरा असलेला फ्लेक्स कधी लागतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

गीताबाईचा भाऊ कडुबा गंगापूरकडून शहरात येत होता. जीप चौकातून जाताना त्याने खिडकीतून मला पाहिले. अशा घरी एकट्याने, रिकाम्या हाताने जायचे नसते. बहिणीला फोन करायचा धीर त्याला झाला नाही. तो पुढे उतरला आणि आल्या पावली गावी परत गेला. दुपारी दोन वाजता जीप भरून माणसे गीताबाईच्या दारात उतरली. बायकांच्या हातात भाकरींची गाठोडी होती, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही.

गीताबाई उंबऱ्यात तांदूळ पाखडत होती. भावजयीने गळ्यात पडून हंबरडा फोडला आणि सूप हातातून सुटले.

"कवा? कोण सांगितलं?"

"आक्का," कडुबा रडत म्हणाला, "चौकात फ्लेक्स लागलाय ना गं."

तिने माझ्याकडे पाहिले. अडीच वर्षे ती मला रोज पाहत होती. त्या क्षणी तिला मी कडुबाच्या डोळ्यांनी दिसलो.

"आरं, हा जुनाच हाय!" ती ओरडली. पण लगेच खाली बसली. अतुलचा शेवटचा फोन येऊन अकरा दिवस झाले होते. फ्लेक्स जुना आहे हे खरे. पण अतुल जिवंत आहे, हे तरी कुणी सांगावे?

तिची लेक रूपाली सासरहून धावत आली आणि फोन लावत राहिली. लागत नव्हता. अतुलचे वडील कचरू भिंतीला टेकून बसले. तीन वाजले. चार वाजले. गाठोडी कुणी सोडली नाहीत. मी वाऱ्याने फडफडलो, तरी सगळे दचकून वर बघायचे. मला पहिल्यांदाच वाटले, आपण फाटून जावे.

सहाला फोन वाजला. रूपालीने स्पीकर लावला.

"आई, जेवलीस का?"

गल्लीत एकच गलबला उठला.

"जेवते की," गीताबाई म्हणाली.

"गलका कसला गं?"

"पाहुणे आलेत. तुलाच भेटायला आल्ते."

अतुल हसला. "मग ठिवून घे त्यांना. मी येतो."

"कवा?"

फोन तुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गीताबाई विळा घेऊन माझ्यापाशी आली. मोनिकाताईंनी शिडी आणून धरली. टपरीवर आप्पासाहेब होते आणि शुभेच्छुकांतले दहा-बारा जणही. तिने नखाने पहिला पांढरा कागद सोलला. मग दुसरा. आतून चेहरे निघू लागले. एखाद्याचे नाक कागदाबरोबर निघून आले, पण त्यांचे रंग अजून टिकून होते. झाकल्यापासून ऊन त्यांना लागलेच नव्हते. गुलाबी गालांच्या त्या गर्दीत अतुलच तेवढा निळा.

"गीताबाई, हे काय चालवलंय?" आप्पासाहेब उठले.

"तुम्ही आपापले फोटो झाकून मोकळे झालात. माझं लेकरू तिथून कोण काढील?"

"अहो, असं चौकात बोलायचं नसतं."

"व्हय? मग 'जा' म्हणून कामून चौकात वरडला होतात? हलगी लावून? आता बास झालं असं वाटतंय ना समद्यांला? मग एकदा तेवढ्याच मोठ्यानं म्हणा की."

टपरीवर चहा उतू गेला. मग शिडी धरून उभ्या असलेल्या मोनिकाताई म्हणाल्या, "बास झालं." आवाज चिरकला, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटले. टपरीच्या बाकावरून तो म्हातारा म्हणाला, "बास." मग आणखी दोघे. आप्पासाहेबांनी खिशातून फोन काढला आणि तो न वाजताच कानाला लावला.

गीताबाईने मला विळ्याने कापले. ज्याचा चेहरा त्याच्या हातात दिला. "धरा. आता झाकायचा का दाखवायचा, तुम्ही बघा." काहींनी घेतले, काहींनी तिथेच टाकले. आप्पासाहेबांचा चेहरा घ्यायला ते थांबले नव्हते. तो कडुबा कापसासाठी घेऊन गेला. अतुलचा चेहरा तिने पेटीत ठेवला. त्याच्याखाली मजकुरातले शेवटचे दोनच शब्द तिने राहू दिले आहेत: 'परत या'.

मित्रांनो, मला जपा, असे माझे मागणे नाही. फ्लेक्स उन्हात विरणारच. पण ज्याला मोठ्याने ओरडून पाठवलेत, त्याला बोलावण्याची वेळ आली की तेव्हाही तोंड उघडा. गुपचूप चेहरा झाकलात, तर पांढऱ्यात तो एकटा उरतो.

लढाई अजून चालू आहे. 'बास झालं' असे मोठ्याने म्हणा, हे सांगायला गीताबाई रोज सकाळी एकेका शुभेच्छुकाच्या दारी जाते. काल ती सतराव्या दारात होती.

अतुलचा तो हसरा फोटो रूपालीच्या लग्नातला होता. वर्दी मोनिकाताईंनी संगणकावर चढवली होती.