उलट्या काडीचा चमत्कार

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल माणसांनी खच्चून भरला होता. कुजक्या पाण्याचा असा भपकारा येत होता, की मी नाकाला रुमाल लावला. समोर टेबलावर काचेच्या बरण्यांची रांग. प्रत्येक बरणीत पपायरसची एक कापलेली काडी उलटी ठेवलेली. छत्रीसारखी पाती पाण्यात बुडालेली आणि त्यांतून वर आलेले हिरवेगार कोंब.

"मेलेली काडी जिवंत झाली की नाही?" स्वतःला जलगुरू म्हणवणारे बुवा गरजले.

"झाली!" हॉल ओरडला. माझी वहिनी तर बेंबीच्या देठापासून.

तिची काडी माझ्या बागेतली. मागच्या अंगणात फुटक्या बाथटबमध्ये मी पपायरस वाढवते. पूर्वी ज्याच्या गाभ्यापासून कागद करत, तेच हे पाणगवत. वहिनीनं दोन काड्या मागितल्या, मी कौतुकानं कापून दिल्या. बुवांच्या हुकमानं एक तिनं घरी फुलदाणीत उभी ठेवली. ती कुजली. दुसरी इथल्या बरणीत उलटी गेली आणि तिला कोंब फुटले. झालं! घरचं पाणी पापी, बुवांचं पाणी पावन.

"घरी ती ताठ उभी असते, तो अहंकार," बुवा समजावत होते. "माझ्याकडे येऊन मान खाली घालते, मग कृपा होते. कोंब फुटला की सुई बंद!"

माझ्या दादानं इन्शुलिन बंद केलं होतं. पहिल्या रांगेत तो चिघळलेला पाय स्टुलावर ठेवून बसला होता आणि वहिनी त्याच्या बोटांवर बरणीतलं बुळबुळीत पाणी वाटीनं ओतत होती. दोन बोटं काळी पडत चालली होती. खरं सांगते, बुवांपेक्षाही माना डोलावणाऱ्यांची किळस आली. त्यांत एक बँक मॅनेजर होते आणि मी जिथे विज्ञान शिकवते, त्या शाळेतल्या दोन शिक्षिकाही.

मी पिशवीतून माझी बरणी काढून टेबलावर ठेवली. तिच्यातही उलटी काडी, तिलाही लांब कोंब.

"हे फरशी पुसलेलं पाणी आहे," मी म्हणाले. "मंत्र एकही म्हटला नाही. येता-जाता शिव्या मात्र घातल्या."

पण बुवा कसलेले. "बघा, बघा! ताईंच्या हातातही शक्ती उतरली!"

आणि एका बाईनं खरोखरच माझा हात धरून कपाळाला लावला. "माझ्या सुनेला मूल होऊ दे हो," ती म्हणाली. मी चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला.

"शक्ती माझ्यात नाही, काडीत आहे! पाती जिथे एकत्र येतात तिथे कोंबाचे डोळे असतात. ते पाण्यात बुडले की फुटतात, पाणी कुणाचंही असो. काडी उभी ठेवली तर डोळे कोरडे राहतात आणि खालचा बुडखा कुजतो. तुम्हाला उभी ठेवायला लावली, स्वतः उलटी ठेवली. एवढीच यांची करामत!"

"म्हणजे आम्ही घरी उलटी ठेवली असती तर..." मॅनेजर चाचरले.

"तर फुटली असती. ठेवून बघावंसं वाटलं का कधी, साहेब?"

"नास्तिकाच्या सावलीनं पाणी नासतं!" बुवा ओरडले आणि भराभर बरण्या उचलायला लागले. नासायचं काय शिल्लक होतं त्यात?

"पण मला बरं वाटतंय गं," दादा केविलवाणं म्हणाला. "आता बोटं दुखतसुद्धा नाहीत."

"दुखत नाहीत, कारण ती मरतायत, दादा."

वहिनीच्या हातातली वाटी खाली पडली. पुढच्या क्षणी तिनंच दादाच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. "ताई, गाडी बोलवा," एवढंच ती बोलली.

पाय वाचला. दोन बोटं कापावी लागली. वेळेवर आणलं असतं तर तीही राहिली असती, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हा कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तोच प्रयोग घरी तसाच्या तसा करून बघा. त्यानं काय केलं आणि तुम्हाला काय करायला सांगितलं, यातला फरक शोधा. आणि तोवर औषध बंद करू नका. हल्ली वहिनी माझ्या बागेत येते, तो बाथटब बघत उभी राहते. मी काडी छाटते, उलटी पाण्यात ठेवते, ती फुटते. दादाची बोटं फुटणार नाहीत.