नऊच्या आत तीन ओळी

नऊला दहा मिनिटं कमी होती आणि मालिशवाल्या नंदाबाईंचा पत्ता नव्हता. पाच महिन्यांचा आल्हाद चटईवर उघडाच पाय झाडत होता, बादलीतलं पाणी निवत चाललं होतं, आणि मृण्मयी एक डोळा फाटकावर, एक फोनवर ठेवून घरभर येरझाऱ्या घालत होती. फ्रीगंज भागातल्या जुळ्यांच्या घरून मालिशचं बोलावणं आलंय, बघते, असं नंदाबाई कालच म्हणाल्या होत्या.

बाळंतपणानंतर मृण्मयीचं कशातच मन लागेना, तेव्हा मैत्रिणीने तिला एका ग्रुपमध्ये घातलं होतं. ज्यांच्याबद्दल आभार मानावेसे वाटतात अशा तीन गोष्टी रोज नऊच्या आत लिहून पाठवायच्या; म्हणे महिन्याभरात हसू यायला लागतं. आजही तिने घाईघाईने टाइप केलं: कोवळं ऊन, गरम चहा, आल्हादची झोप.

तिसऱ्या ओळीवर अंगठा अडला. ही झोप आली कुठून? नंदाबाई यायच्या आधी पोरगं रडून रडून घर डोक्यावर घ्यायचं.

तिने आल्हादला दुपट्यात गुंडाळलं आणि रिक्षाने थेट नंदाबाईंची भैरवगढची वस्ती गाठली.

नंदाबाई अंगणात रंगवलेल्या चादरी पिळत होत्या. जुळ्यांच्या घरी जबान देऊन आले, उद्यापासून तिकडे, त्यांनी हिंदीत सांगून टाकलं. आवाजात राग नव्हता.

"आपको काम पसंद नहीं था ना, भाभी. मैं मालिश करूँ और आप घड़ी देखो. रोज."

घड्याळ मृण्मयी त्या तीन ओळींसाठी बघायची. पण हे सांगायचं कसं? रोजच्या माणसाला धन्यवाद म्हटलं की ते परकं होतं, अशाच घरात ती वाढली होती. त्यांना कळतच असेल, हे ती धरूनच चालली होती.

"ये सोता है तो आपकी वजह से," ती कशीबशी म्हणाली. "मैंने कभी बोला ही नहीं."

दिलेला शब्द काही फिरणार नव्हता. पण नंदाबाईंनी आल्हादला मांडीवर पालथं घेतलं, मृण्मयीच्या तळहातावर तेल ओतलं आणि तिचा हात आपल्या रंगाने निळसर झालेल्या हाताखाली बाळाच्या पाठीवर ठेवला.

आल्हादने भोकाड पसरलं. तिने हात मागे घेतला.

"हटाओ मत, कल से आपको ही करना है. आपका हाथ डर रहा है, उसको पता चलता है."

मृण्मयीने पुन्हा हात टेकवला, या वेळी जरा जोर देऊन.