न मोजलेला आठवडा

"साडेदहाला पाणी वर असणार," असं बाबा टॅक्सीतून उतरेपर्यंत सांगत होते. तिने धक्क्याच्या टोकाशी त्यांच्या व्हीलचेअरचे ब्रेक लावले, तेव्हा पाणी पार तळाला गेलं होतं. खालच्या तरंगत्या फलाटावर जाणारा लोखंडी पूल घसरगुंडीसारखा लटकत होता. भरतीला तो सपाट होतो आणि ओहोटीला असा, हे ती शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आली होती. बाबांनी एकतीस वर्षं त्याच फलाटावर लाँचचे दोर बांधले होते.

तिकिटाच्या खिडकीतला माणूस बाहेर आला. "काका, चौघांना बोलावतो. खुर्चीसकट खाली नेतील."

"मी काय कपाट आहे?"

तो हसला. बाबा मात्र बोटांवर मोजत होते. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. शेवटची डोळ्यांनी पाहिलेली भरती, त्यावर इतके दिवस. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा साडेदहाच आले.

"असू दे," ती घाईने म्हणाली. "एखादा दिवस मोजायचा राहिला असेल."

"एका दिवसाने एवढा फरक पडत नाही. भरतीच्या वेळेला ओहोटी यायची तर सात दिवस..."

ते तिथेच थांबले. सात दिवस ते दवाखान्यात बेशुद्ध होते. ते दिवस त्यांनी मोजणीत धरलेच नव्हते.

तिने त्यांच्याकडे न बघता शालीचं टोक चाकातून सोडवलं. "घरी जाऊ या का?"

"कशाला? पाणी येईल की आपल्या पायांनी. त्याला चौघं लागत नाहीत."

मग दोघं शेडच्या सावलीत बसून राहिली. डबा खाल्ला. बाबांना डुलकी लागली, मान खाली आली, ती तिने उशी लावून सावरली. पाणी खांबांवरचं हिरवं शेवाळ एकेक वीत झाकत वर येत होतं. साडेचारच्या सुमाराला पूल जमिनीला समांतर झाला.

"हात काढ," बाबा म्हणाले.

तिने खुर्चीच्या मुठी सोडल्या. त्यांनी स्वतः चाकं फिरवत पूल ओलांडला. मध्ये दोनदा दम खाल्ला. फलाटावर नव्या माणसाने बांधलेला दोर ओढून पाहिला आणि "बरा आहे," असं नाइलाजाने म्हटल्यासारखं म्हणाले.

"त्या आठवड्यात तू कुठे होतीस?"

"बाहेर. बाकावर."

"सातही दिवस?"

"सातही."

"म्हणजे तुझी मोजणी सलग आहे. उद्याची भरती किती वाजता?"

तिने मनाशी जुळवलं. "पाच वीसला. थोडं इकडेतिकडे."

"हं," ते म्हणाले. "पूल उभा व्हायच्या आत वर जायला हवं."

"अजून अर्धा तास आहे, बाबा."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. पाणी किती उतरलंय, ते वाकून पाहिलंसुद्धा नाही.